याकोबाचं नाव देवानं का लावलं?

आजचं वाचन : उत्पत्ती ३२:२२-३२, होशेय १२:३-४, इब्री ११:१६



तुमच्यापैकी बरेच जण मंडळीत मराठी पवित्र शास्त्र वाचता आणि मोबाइलवर इंग्रजी. आज दोन्ही शेजारी शेजारी उघडा आणि इब्री लोकांस पत्र संपल्यावर पुढे काय येतं ते पाहा. मराठीत याकोबाचे पत्र. इंग्रजीत त्याच जागी जेम्स. पाच अध्याय तेच, लेखक तोच. मग हा जेम्स आला कुठून?

पहिल्या शतकातल्या गालीलात जेम्स नावाचा एकही माणूस नव्हता. प्रभूच्या भावाला घरचे लोक ज्या नावानं हाक मारायचे, ते नाव उत्पत्तीतल्या याकोबाचंच होतं. जब्दीचा मुलगा, अल्फीचा मुलगा आणि प्रभूचा भाऊ, हे तिघंही याकोबच. आज आपण या एका नावाच्या मागोमाग जाऊ या. कारण त्या नावात एक प्रश्न आहे, आणि तो आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो. देवानं मला खरंच बदललं असेल, तर माझ्या जुन्या नावाचं मी काय करू? पुसून टाकू, लपवू, की सांगू?

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

रिबकेला जुळे झाले. आधी एसाव बाहेर आला. त्याच्या पाठोपाठ धाकटा आला, आणि त्याच्या इवल्याशा मुठीत भावाची टाच होती (उत्पत्ती २५:२६). हिब्रू भाषेत टाचेला ‘आकेव’ म्हणतात. त्यावरून बाळाचं नाव पडलं ‘याअकोव’. टाच धरणारा. आपल्याकडे जुन्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू अशी नावं असायची ना? त्यांच्यासारखंच हे अगदी साधं, घरगुती नाव. त्यात कसलाही थाट नाही.

भाषेचे अभ्यासक आणखी एक गोष्ट सांगतात. हिब्रूच्या नात्यातल्या काही भाषांमध्ये याच धातूचा अर्थ ‘राखण करणे’ असा होतो. त्या काळी अशा नावांना देवाचं नाव जोडायची पद्धत होती. इजिप्तमध्ये हिक्सोस राजांच्या काळातल्या शिक्क्यांवर ‘याकूब-हर’ असं एका राजाचं नाव सापडलं आहे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की याकोब हे मुळात ‘देव राखण करो’ अशा एखाद्या लांब नावाचं छोटं रूप असावं. म्हणजे आईबाप ज्या नावानं हाक मारत होते, त्याच्या पोटात एक प्रार्थनाही होती.

पण या नावाचा तिसरा अर्थ लावला तो एसावानं. याकोबानं आधी त्याचा ज्येष्ठपणाचा हक्क घेतला, मग आंधळ्या बापाला फसवून त्याचा आशीर्वादही घेतला. तेव्हा एसाव कळवळून म्हणाला की याचं नाव याकोब ठेवलं ते अगदी बरोबर, यानं मला दोनदा ठकवलं (उत्पत्ती २७:३६). हिब्रूत टाच धरणं आणि फसवणं हे एकाच धातूचे शब्द आहेत. पुढे यिर्मया संदेष्टाही हाच शब्द वापरतो आणि म्हणतो की इथे प्रत्येक भाऊ भावाला ठकवतो (यिर्मया ९:४). घरातल्या एका पोराचं नाव अख्ख्या समाजाच्या रोगाचं नाव होऊन बसलं!

आपल्या मराठीला ही गोष्ट फार चांगली कळते. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो. आणि एखाद्याचे दोष काढायचे असले की त्याला नावं ठेवतो. फरक फक्त एका अनुस्वाराचा. याकोबाच्या बाबतीत तर तेवढाही फरक उरला नाही. आईबापांनी ठेवलेलं नावच भावाच्या तोंडी दूषण झालं. विचार करा, कोणीही हाक मारली की याकोबाच्या कानात काय वाजत असेल?

भाषांनी टाच पुसून टाकली

आता हे नाव प्रवासाला निघालं. हिब्रूतून ग्रीकमध्ये गेलं तिथेच त्याचे दोन तुकडे झाले. उत्पत्तीतल्या मूळ पुरुषाला ग्रीक शास्त्रानं ‘याकोब’ असंच ठेवलं, कुठलाही प्रत्यय न लावता. पण प्रेषितांच्या नावाला ग्रीक शेपूट लागलं आणि ते झाले ‘याकोबोस’. लॅटिनमध्ये ‘याकोबुस’. पुढे बोलीभाषेत ब चा म झाला आणि ‘याकोमुस’ तयार झालं. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं जेम्स. म्हणून इंग्रजी शास्त्र वाचणाऱ्याला जेकब आणि जेम्स ही दोन वेगळी नावं वाटतात.

इतर ठिकाणीही असंच. इटालियनमध्ये जाकोमो, फ्रेंचमध्ये झाक, आयर्लंडमध्ये शेमस, रशियात याकोव, पोलंडमध्ये याकुब. अरबीत आणि उर्दूत याकूब, जो आपल्या ओळखीचा आहे. केरळमधल्या ख्रिस्ती घरांत तुम्हांला चाको भेटेल, तोही याकोबच. स्पेनमध्ये ‘संत यागो’ हे दोन शब्द एकत्र वितळले आणि झालं सांतियागो. चिली देशाची राजधानी म्हणजे याच नावाचं शहर. पोर्तुगिजांनी तोच शब्द पुन्हा चुकीच्या जागी तोडला आणि उरलं तियागो. सिग्नलला तुमच्या शेजारी टियागो गाडी उभी राहते ना, ते नाव पोर्तुगीज भाषेत याच याकोबाचं रूप आहे!

त्या गाडीचं आधी ठरलेलं नाव झिका होतं. २०१६ साली ती बाजारात येण्याच्या सुमाराला झिका विषाणूची साथ पसरली, आणि कंपनीनं नाव बदललं. त्यात काही वावगं नाही, बाजाराची रीतच ती. नावाला डाग लागला की नाव टाकून द्यायचं.

आपल्या मातीतही शास्त्रातली नावं अशीच रुळली. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांमध्ये शमुवेलाचा समाजी झाला आणि यहेज्केलाचा हसाजी. मुंबईत १७९६ साली त्यांचं पहिलं सभास्थान बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांमध्ये समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जायचे. कानाला किती आपलं वाटतं! आणि यात नुकसान काहीच नाही. देव कुठल्याही एका उच्चाराच्या दावणीला बांधलेला नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकानं देवाची महत्कृत्यं आपापल्या भाषेतच ऐकली. त्यामुळे नाव हिब्रूतच घेतलं पाहिजे, नाहीतर प्रार्थना पोचत नाही, असं कोणी व्हिडिओतून सांगत असेल, तर घाबरू नका.

पण या प्रवासात एक गोष्ट मात्र गळून पडली. टाच. शेमस नावाच्या आयरिश मुलाला हाक मारली की कोणालाही टाच आठवत नाही, फसवणूक आठवत नाही. झाक, जाकोमो, जेम्स ही राजांची नावं झाली, संतांची झाली, रस्त्यांची आणि चौकांची झाली. भाषांनी हे नाव नदीतल्या गोट्यासारखं घासूनपुसून गुळगुळीत केलं. ज्या नावानं एसाव रडला होता, ते नाव प्रतिष्ठित झालं.

आपणही हेच करतो, नाही का? शहर बदललं, नोकरी बदलली, नवा ग्रुप मिळाला, की आपण स्वतःचं गुळगुळीत रूप तयार करतो. प्रोफाइलमध्ये काय लिहायचं आणि काय नाही, ते आपल्याला बरोबर कळतं. मंडळीत साक्ष देतानासुद्धा आपण इतकं सांगतो की ऐकणाऱ्याला आपलं कौतुक वाटेल, आणि तिथेच थांबतो. ज्याला आपण ठकवलं, त्याच्या तोंडचं आपलं नाव कोणालाच कळू देत नाही.

नाव सांगणं

आता यब्बोक नदीकाठी या. आज ती जॉर्डन देशात आहे आणि तिला झर्का म्हणतात. याकोब वीस वर्षं मामाच्या, लाबानाच्या घरी राबून परत निघालाय. बायका, मुलं, कळप, सगळं पलीकडे पाठवलंय. सकाळी एसाव समोर येणार, आणि त्याच्यासोबत चारशे माणसं आहेत. त्या रात्री याकोब एकटा आहे. आणि कोणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजतं. मूळ हिब्रूत इथे शब्दांचा नाद ऐकण्यासारखा आहे. माणूस याअकोव, नदी यब्बोक, आणि झुंजण्याची क्रिया ‘येआवेक’. जणू त्या रात्री माणूस, नदी आणि झुंज एकमेकांत मिसळून गेली.

झुंज संपत आलीय. याकोब म्हणतो, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. आणि समोरचा आशीर्वाद देण्याआधी एक प्रश्न विचारतो. तुझं नाव काय?

हा प्रश्न याकोबानं आधी एकदा ऐकलेला आहे. आंधळ्या इसहाकाच्या तंबूत, हातांवर बकऱ्याचं कातडं बांधून तो उभा होता. बापानं विचारलं होतं, बाळा, तू कोण आहेस? आणि तो म्हणाला होता, मी एसाव, तुमचा थोरला (उत्पत्ती २७:१८-१९). आशीर्वाद तेव्हाही मिळाला, पण दुसऱ्याच्या नावावर. म्हणूनच तो आशीर्वाद घेऊन याकोबाला घर सोडून पळावं लागलं. जे दुसऱ्याच्या नावावर मिळतं ते जवळ असूनही आपलं होत नाही. हे तुम्ही कधी अनुभवलंय का? खोट्या ओळखीवर मिळालेलं प्रेम, खोट्या ओळखीवर मिळालेला मान. मिळतो सगळा, पण लागत नाही अंगाला.

देवाला त्याचं नाव माहीत नव्हतं का? होतंच की. प्रश्न माहितीसाठी नव्हता. पुन्हा एकदा आशीर्वादाच्या दारात उभं करून देव त्याला विचारत होता की या वेळी कोणाच्या नावानं मागतोस? आणि या वेळी तो म्हणतो, याकोब. टाच धरणारा. एसाव मला ज्या नावानं ओरडला होता, तोच मी. हिब्रूत हे उत्तर एका शब्दाचं आहे. पश्चात्ताप पुष्कळदा एवढाच लहान असतो. आणि नवं नाव त्याला त्यानंतर मिळतं. इस्राएल. आधी नाही, त्यानंतर.

जुनी मूठ, नवी पकड

आता खरा अवघड प्रश्न. इस्राएल झाल्यावर याकोब दुसराच माणूस झाला का?

होशेय संदेष्टा या गोष्टीकडे फार वेगळ्या नजरेनं पाहतो. तो दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवतो. आईच्या पोटात यानं भावाची टाच धरली, आणि मोठेपणी देवाशी झुंजला, रडला, कृपा मागितली (होशेय १२:३-४). नीट पाहा, दोन्हीकडे हात तोच आहे. धरून ठेवणारा, न सोडणारा. आधी त्या हातानं भावाचा पाय ओढला. यब्बोकपाशी त्याच हातानं देवाला धरलं आणि सोडलं नाही.

मराठीत पाय ओढणं वेगळं आणि पाय धरणं वेगळं. पहिल्यात दुसऱ्याला खाली पाडायचं असतं, दुसऱ्यात आपण स्वतः खाली वाकलेलो असतो. मूठ मात्र एकच. देवानं याकोबाचा हात छाटून त्याला नवा हात दिला नाही. त्या हातात काय धरायचं, ते बदललं.

मला वाटतं, हे आपल्यासाठी फार दिलासा देणारं आहे, आणि तितकंच गंभीरही. दिलासा असा की तुमचा हट्टीपणा, तुमची महत्त्वाकांक्षा, तुमचा तापट स्वभाव, यातलं काही देवाला टाकाऊ वाटत नाही. ज्या जिभेनं तुम्ही लोकांना घायाळ करता, तीच जीभ कोणाची तरी बाजू मांडू शकते. आणि गंभीर असं की नवं नाव मिळालं म्हणजे जुनी मूठ गेली, असं समजून बेसावध राहता येत नाही. ती मूठ कधीही पुन्हा कोणाची तरी टाच शोधू शकते.

त्या रात्रीनंतर याकोब लंगडू लागला. देवानं आशीर्वाद दिला आणि जांघेच्या सांध्यावर खूणही ठेवली. पळून जाण्यात पटाईत असलेला माणूस आता पळू शकत नव्हता. आणि सकाळ झाल्यावर त्याला जायचं कुठे होतं? एसावाकडेच.

इथे थोडं थांबा. देवाशी सगळं मिटलं, म्हणजे भावाशी आपोआप मिटलं, असं शास्त्र म्हणत नाही. याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. आपले कळप पुढे करतो. एसाव नको म्हणतो, तेव्हा आग्रह करताना याकोब भेटीसाठी जो शब्द वापरतो, तो हिब्रूत ‘बेराखा’ आहे. म्हणजे आशीर्वाद (उत्पत्ती ३३:११). वीस वर्षांपूर्वी जे चोरलं होतं, त्याच शब्दानं तो आता भावाच्या हाती परत काहीतरी ठेवतोय. आपलं नाव देवासमोर सांगणं सोपं, कारण देवाला ते माहीतच असतं. खरी कसोटी असते ती ज्याला आपण ठकवलं त्याच्यासमोर ते सांगण्याची. पैसे बुडवले असतील तर पैसे. कोणाचं काम आपल्या नावावर खपवलं असेल, तर सगळ्यांसमोर त्याचं नाव.

कोणाचं ऐकायचं?

कोणी म्हणेल, मग लोक जे नाव ठेवतात ते सगळं मुकाट्यानं मान्य करायचं का? मुळीच नाही. आपल्या समाजात माणसांना जातीवरून, रंगावरून, बोलण्यावरून किती घाण नावं ठेवली गेली. नगर आणि मराठवाड्यातल्या आपल्या कित्येक पणजोबा-पणज्यांनी ती सोसली. ख्रिस्तात आपण देवाची लेकरं आहोत हे ऐकून त्यांची मान पहिल्यांदा वर झाली असेल. शाळेत ज्या मुलीला तिच्या शरीरावरून चिडवलं गेलं, तिनं ते नाव यब्बोकपाशी सांगायचं नसतं. ते तिचं नावच नाही.

फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरे. हे नाव मला कोणी दिलं? ज्याचं मी काही हिरावून घेतलं त्यानं, की ज्यानं माझं काही हिरावून घेतलं त्यानं? एसावाचं म्हणणं रागातून आलं होतं, पण ते खरं होतं. त्याचं काहीतरी गेलं होतं. दुखावलेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी आपल्याबद्दलचं असं सत्य येतं जे आपले मित्र कधीच सांगणार नाहीत. पण जो आपल्याला खाली दाबण्यासाठीच नाव ठेवतो, त्याला आपल्यावर तो अधिकार देवानं दिलेला नाही.

याची दुसरी बाजूही विसरू नका. आपण दुसऱ्याचं जुनं नाव चाबकासारखं वापरतो. अमुक भाऊ आता दहा वर्षं दारूला शिवले नाहीत, तरी ओळख करून देताना आपण म्हणतो, अरे तेच, ते दारू प्यायचे ना, ते. ती मुलगी मंडळीत मन लावून सेवा करते, आणि आपण कोपऱ्यात तिच्या कॉलेजच्या दिवसांची गोष्ट सांगतो. याकोबानं ‘मी याकोब’ म्हणणं हा पश्चात्ताप होता. त्याच्यावतीनं आपण तेच म्हणणं ही चहाडी आहे. शब्द तोच असला तरी तो कोणाच्या तोंडून येतो, यावर सगळं ठरतं.

नाव लावणं

आता शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यांत जास्त भिडलेली. देवानं अब्रामाचं नाव अब्राहाम केलं. त्यानंतर देवानं त्याला पुन्हा कधी अब्राम म्हणून हाक मारली नाही. याकोबाचं मात्र तसं झालं नाही. देवानं त्याला दोनदा सांगितलं की तू आता इस्राएल. तरी पुढच्या पानांवर तो कधी इस्राएल, कधी याकोब. म्हातारपणी योसेफाला भेटायला इजिप्तला निघाला, तेव्हा रात्रीच्या दर्शनात देवानं त्याला हाक मारली तीसुद्धा याकोब म्हणूनच, तीही दोनदा (उत्पत्ती ४६:२). आई मुलाला झोपेतून उठवताना मारते तशी.

आणि जळत्या झुडपातून मोशेशी बोलताना देव आपली ओळख कशी देतो? अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव आणि याकोबाचा देव (निर्गम ३:६). त्याला इस्राएलाचा देव म्हणता आलं असतं. ते नाव त्यानंच दिलं होतं, आणि कितीतरी भारदस्त होतं. पण इथे त्यानं जुनं नाव निवडलं. टाचेचं. एसावानं ओरडून घेतलेलं.

आपल्याकडे मुलगा बापाचं नाव लावतो. परंपरेनं मधलं नाव बापाचं. इथे उलटं घडलं. देवानं त्या माणसाचं नाव आपल्या नावाला लावलं. इब्री लोकांस पत्रात लिहिलंय की देवाला त्यांचा देव म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही (इब्री ११:१६). लाज वाटत नाही, हे शब्द कोणाबद्दल आहेत ते लक्षात घ्या. त्यात ठकवणारा याकोबही आहे. बाजार डाग लागलेलं नाव टाकून देतो. भाषा ते घासून गुळगुळीत करतात. देवानं ते जसंच्या तसं घेतलं आणि स्वतःला लावलं.

आता त्या पत्राकडे परत चला. प्रभूचा भाऊ याकोब आपली ओळख देतो, देवाचा आणि प्रभू येशू ख्रिस्ताचा दास. भाऊ असल्याचा उल्लेखसुद्धा करत नाही. हाच भाऊ एके काळी प्रभूवर विश्वास ठेवत नव्हता (योहान ७:५). आणि तो कोणाला लिहितो? पांगलेल्या बारा वंशांना. म्हणजे कोणाच्या वंशांना? याकोबाच्या बारा मुलांच्या. एक याकोब याकोबाच्या लेकरांना पत्र लिहितोय. इंग्रजी वाचकाला ही गोष्ट दिसतच नाही, कारण त्याच्यासमोर जेम्स आहे. आपल्या मराठी शास्त्रात ती उघड्यावर आहे, फक्त आपलं लक्ष जायला हवं. आपण एकमेकांना पापं कबूल करावीत हेही हाच याकोब सांगतो (याकोब ५:१६). या नावाच्या माणसानं ते सांगावं, हे किती शोभतं!

आणि टाच? तीही शास्त्रात शेवटपर्यंत येते. वल्हांडणाच्या रात्री येशू सांगतो की माझं अन्न खाणाऱ्यानंच माझ्यावर टाच उगारली (योहान १३:१८). हा स्तोत्र ४१ मधला शब्द, आणि मूळ हिब्रूत तो ‘आकेव’च आहे. पण हे बोलण्याआधी येशूनं काय केलं होतं? कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. यहूदाही तिथेच होता. जी टाच त्याच्यावर उगारली जाणार होती, तीसुद्धा त्यानं हातात घेतली. पाडायला नाही, धुवायला. याकोबाच्या वंशात जन्मलेल्या त्या पुत्रानं टाच धरण्याचा अर्थच बदलून टाकला.

म्हणून मित्रांनो, आज रात्री फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं एकटे बसा. देव विचारतोय, तुझं नाव काय? गुळगुळीत केलेलं सांगू नका, खरं सांगा. मग एका एसावाचा विचार करा. त्याला उद्या एक फोन, एक मेसेज, एक परतफेड. लंगडत गेलात तरी चालेल.

प्रार्थना

हे याकोबाच्या देवा, तू माझं नाव जाणतोस. ज्या नावानं मी मिरवतो तेही, आणि जे मी लपवतो तेही. ज्यांना मी ठकवलं त्यांच्यासमोर खरं बोलायचं धैर्य मला दे. ज्यांनी मला खाली पाडण्यासाठी नावं ठेवली, त्यांचे शब्द माझ्या मनातून काढून टाक. माझी मूठ तुझ्याकडे वळव. माझ्या भावाबहिणींची जुनी नावं माझ्या तोंडी चाबूक होऊ देऊ नकोस. आणि तुला माझी लाज वाटत नाही, यावर आज मला विश्वास ठेवू दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन.